चेकनाक्यापलीकडची मेट्रो

१८६७ सालच्या १२ एप्रिलला विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली लोकल सुटली. लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम सव्वाचार वर्षं झाली होती. बुडापेस्टच्या मेट्रोला अजून एकोणतीस वर्षं अवकाश होता, पॅरिसच्या मेट्रोला तेहतीस. गावातल्या माणसाला सकाळी शहरात न्यायचं आणि दिवस मावळताना घरी आणून सोडायचं, या कामात उत्तर कोकणची ही किनारपट्टी मागे नव्हती. दिवसातून जाणारी एक आणि येणारी एक, एवढाच तिचा पसारा. तिच्या थांब्यांची जुनी यादी वाचायला घेतली, की नीला म्हणजे नालासोपारा, बसीन म्हणजे वसई, मग पंजे, बेरेवला म्हणजे बोरिवली, पहाडी, अंदारू म्हणजे अंधेरी अशी नावं भेटतात. भाईंदर त्या यादीत नाही. मीरा रोड तर नाहीच.

गाडी जायची ती याच मातीवरून. वसईची खाडी ओलांडायची, मिठागरं आणि भातशेतं मागे टाकायची आणि बोरिवलीच्या दिशेने निघून जायची. मिरे, काशी, नवघर, घोडबंदर, राई, मुर्धे, मोर्वा, डोंगरी, उत्तन ही सगळी गावं आपापल्या जागी होती; रेल्वेला त्यांच्याशी फारसं कर्तव्य नव्हतं.

१४ मे २०२५ रोजी काशीगाव ते दहिसर मेट्रोची चाचणी फेरी झाली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी हिरवा झेंडा दाखवला. ही मेट्रो ९. दहिसर पूर्वेला संपणाऱ्या मेट्रो ७ चाच हा उत्तरेकडचा विस्तार. राज्य सरकारने २०१८ मध्ये तिला मंजुरी दिली आणि २०१९ मध्ये कामाला हात लागला. दहिसर ते भाईंदर पश्चिमेचं सुभाषचंद्र बोस मैदान असा साधारण साडेदहा किलोमीटरचा हा उन्नत मार्ग आहे. अंधेरीहून विमानतळाकडे जाणारा ७अ हा तिचा जोडभाऊ. दोन्ही मिळून प्रकल्पाचा खर्च ६,६०७ कोटी रुपये धरलेला होता. आकडे मोठे आहेत, पण या मार्गाचं खरं महत्त्व त्याच्या स्थानकांच्या जागांमध्ये आहे. रेल्वे ज्या बाजूला कधी फिरकलीच नाही, त्या हायवेकडच्या आणि मीरा-भाईंदर रोडवरच्या वस्तीत प्रथमच एखादी गाडी थांबणार, हा या शहराच्या दृष्टीने मोठा बदल आहे.

तो किती मोठा, हे कळण्यासाठी शहर कसं घडलं ते पाहावं लागतं.

५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेवरच्या गाड्या धावू लागल्या. १९३६ मध्ये वीज विरारपर्यंत पोहोचली. चर्चगेटपासून सुमारे ४३ किलोमीटरवरचं भाईंदर तेव्हापासून मुंबईच्या रोजच्या आवाक्यात आलं. तरी पुढची पन्नासेक वर्षं ते मीठ, मासळी आणि भाताचं गावच राहिलं. १९८५ मध्ये नगरपालिका झाली आणि मग जो वेग आला तो थांबलाच नाही. १९९१ च्या जनगणनेत इथे पावणेदोन लाख माणसं होती, २००१ मध्ये सव्वापाच लाखांच्या घरात, आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजार. मधल्या काळात, २८ फेब्रुवारी २००२ रोजी, नगरपालिकेची महानगरपालिका झाली. वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढ. गिरणी संपानंतर लालबाग-परळची चाळ सोडलेली मराठी कुटुंबं आली, दक्षिण मुंबईतल्या भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या फ्लॅटमध्ये जायची आस असलेली गुजराती आणि राजस्थानी कुटुंबं आली, १९९२-९३ च्या दंगलींनंतर सुरक्षित वस्ती शोधणारी मुस्लिम कुटुंबं नया नगरात आली. उत्तर भारतातले कामगार भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत आले. शांतीनगरचे सेक्टर उभे राहिले, त्यामागे आणखी नगरं आणि पार्क.

इथे लंडनची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पहिली भुयारी रेल्वे चालवणाऱ्या मेट्रोपॉलिटन रेल्वे कंपनीने आपले रूळ लंडनच्या वायव्येला शेतांपर्यंत नेले आणि तिथे स्वतःच घरं विकायचं ठरवलं. १९१५ पासून ती ‘मेट्रोलँड’ या नावाने त्या भागाची जाहिरात करू लागली आणि १९१९ मध्ये घरबांधणीसाठी वेगळी कंपनीही निघाली. वेम्ब्ली, हॅरो, रिकमन्सवर्थ ही उपनगरं अशी फुलली. आधी रूळ, मग स्थानक, मग स्थानकाभोवती घरं. घर विकणारा आणि गाडी चालवणारा एकाच घराण्यातला असल्याने गाडीत जागा किती आणि घरं किती, याचा हिशेब एकाच वहीत मांडला जाई.

मीरा-भाईंदरमध्ये वह्या वेगळ्या होत्या. बांधकाम व्यावसायिकांनी ‘स्टेशनपासून चालत दहा मिनिटं’ म्हणून घरं विकली, आणि ते स्टेशन रेल्वेचं होतं, तिच्यावर आधीच विरारपासूनचा भार होता. इमारती आधी आल्या. पाणी, गटारं, रस्ते मागून आले, काही ठिकाणी बरेच मागून. ही घरं घेणाऱ्यांचा यात काही दोष नव्हता. परवडेल तिथे त्यांनी घर घेतलं. दोष नियोजनाचा होता आणि त्याची किंमत दोन पिढ्यांनी लोकलच्या दारात उभं राहून मोजली.

सकाळी सातनंतरचा भाईंदर स्टेशनचा फलाट पाहिला की हे समजतं. भाईंदरहून सुटणारी लोकल लागायच्या आधीच फलाटावर डब्याच्या दारांच्या जागा लोकांना तोंडपाठ असतात; गाडी अजून थांबायची असते तेव्हाच पहिली फळी आत शिरते. विरार फास्टमध्ये चढायची हिंमत फार थोड्यांची, कारण ती वसईहून भरूनच येते. मग काहीजण उलट दिशेची गाडी पकडून वसई-विरारला जातात आणि तिथून बसून परत येतात. त्याला सगळे ‘रिटर्न’ म्हणतात. संध्याकाळी हेच चित्र उलटं होतं: विरार फास्टमध्ये शिरलेल्या मीरा रोडच्या माणसाला दारापर्यंत पोहोचून उतरणं हीच एक कसोटी असते.

रेल्वेच्या रुळांनी शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. पण त्याहून मोठी फट पूर्वेकडेच आहे. स्टेशनपासून काशीमिऱ्यापर्यंतचं अंतर चालण्याजोगं नाही. हायवेलगत राहणाऱ्याला आधी शेअर रिक्षा किंवा परिवहनची बस, मग लोकल, मग अंधेरीला उतरून पुन्हा बस किंवा रिक्षा. दुसरा रस्ता थेट हायवेने, दहिसर चेकनाका ओलांडून.

चेकनाका हे या भागातल्या माणसाच्या बोलण्यात सतत येणारं ठिकाण. मुंबई महापालिकेची हद्द इथे संपते, ठाणे जिल्हा सुरू होतो. जकात होती तोवर मालाच्या ट्रकांची इथे रांग लागे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. टोल राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. जकात गेली, हलक्या गाड्यांचा टोल गेला, तरी तिथली कोंडी पूर्ण सुटली नाही, कारण रस्ता तेवढाच आणि गाड्या वाढत्या. मेट्रो ९ या नाक्यावर थांबत नाही. ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाते, आणि तिला ना हद्द आडवी येते ना वाहनांची रांग.

दहिसरनंतरचं पहिलं स्थानक पांडुरंगवाडी. मग मिरागाव, मग काशीगाव. इथवर मार्ग हायवेच्या अंगाने उत्तरेला जातो. आराखड्यात या स्थानकांची नावं वेगळी होती: मिरागावला ‘अमर पॅलेस’ म्हटलं होतं, काशीगावला ‘झंकार कंपनी’. पुढच्या मेडतिया नगरचं मूळ नाव ‘दीपक हॉस्पिटल’. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना जी खूण सांगावी, तीच नकाशावर उतरली होती. हॉटेल बंद पडतं, कंपनी दुसरीकडे जाते. गाव मात्र सातबाऱ्यावर असतं, गावठाणात असतं, जत्रेत असतं. मिरे आणि काशी या गावांची नावं स्थानकांवर आली, हा निर्णय चांगला झाला. पंचवीस मजली इमारतींच्या मागे दडलेल्या गावठाणांतली आगरी-कोळी आणि आदिवासी घरं या शहरात सगळ्यांत आधीची आहेत, पण नव्याने राहायला आलेल्या कित्येकांना ती ठाऊकही नसतात.

काशीगाव सोडल्यावर मार्ग पश्चिमेला वळून मीरा-भाईंदर रोडवर येतो. साईबाबा नगर, मेडतिया नगर, शहीद भगतसिंग उद्यान आणि शेवटी रेल्वेमार्गाच्या पलीकडे भाईंदर पश्चिमेत सुभाषचंद्र बोस मैदान. नावांची ही ओळ वाचत गेलं तरी शहराचा इतिहास क्रमाने हाती लागतो. आधी वाडी आणि गावं, मग नव्वदच्या दशकातली नगरं, मग महापालिकेने राखलेलं उद्यान आणि मैदान. मोकळ्या जागेसाठी आसुसलेल्या शहरात दोन स्थानकं मोकळ्या जागांच्या नावाने असावीत, ही गोष्ट छोटी नाही. त्या जागा मोकळ्याच राहतील, हे पाहणं आता महापालिकेचं काम.

मीरा-भाईंदर रोडवरचं बांधकाम थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. इथे खांब एक आणि रस्ते तीन. जमिनीवर नेहमीचा रस्ता. खांबाच्या मधल्या उंचीवर दोन्ही बाजूंना पसरलेले काँक्रीटचे हात, त्यांच्यावर वाहनांचा उड्डाणपूल. आणि खांबाच्या माथ्यावर मेट्रोचे रूळ. लोक त्याला सरळ ‘डबलडेकर’ म्हणतात. नागपुरात वर्धा रोडवर अशी रचना आधी झाली, तिची विक्रम म्हणून नोंदही झाली. हा उपाय अरुंद रस्त्याच्या शहराला सुचणारा आहे: जमीन एकदाच अडवायची, पाया एकदाच खणायचा. त्याचा एक परिणाम मात्र प्रवाशाच्या पायांना जाणवतो. मेट्रोचा फलाट उड्डाणपुलाच्याही वर जातो, म्हणजे नेहमीच्या उन्नत स्थानकापेक्षा चढण जास्त. या मार्गावर सरकता जिना आणि लिफ्ट चालू असणं म्हाताऱ्या माणसासाठी, गरोदर बाईसाठी, कुबडी घेऊन चालणाऱ्यासाठी स्थानक असणं-नसणं ठरवणारं आहे. पॅरिसची मेट्रो आजही याबाबत मागे आहे. १९०० सालची तिची जुनी स्थानकं जिन्यांनी भरलेली आहेत आणि चाकाच्या खुर्चीतल्या प्रवाशाला त्यातली बहुतेक बंदच. सव्वाशे वर्षांनी बांधणाऱ्यांना ती चूक टाळता येते.

लोकल आणि मेट्रो एकमेकींच्या रुळांवर का जात नाहीत, असा प्रश्न अनेकांना पडतो. भारतीय रेल्वेचा ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर रुंद. मेट्रो ७ आणि ९ चे रूळ १,४३५ मिलिमीटरचे, म्हणजे युरोपात बहुतेक ठिकाणी चालणारं प्रमाण माप. लंडनच्या भुयारांतही तेच. त्यामुळे लोकल आणि मेट्रो यांच्यात बदल करायचा तो माणसानेच, पायांनी. आणि म्हणून पादचारी पूल, छप्पर, पदपथ या वरकरणी किरकोळ गोष्टी खरं तर मार्गाचाच भाग ठरतात. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो आणि मेट्रो ७ यांचं गुंदवलीजवळ पादचारी पुलाने जोडलं जाणं हे चांगलं उदाहरण. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला मेट्रो ७ आणि तिच्या सोबतीची मेट्रो २अ यांचा पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा प्रवासी बेताचे होते. १९ जानेवारी २०२३ रोजी उरलेल्या टप्प्यांचं उद्घाटन झालं, मार्ग घाटकोपरच्या मेट्रोला जाऊन भिडला आणि त्यानंतरच त्याला खरी गर्दी लाभली. मीरा-भाईंदरच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की काशीगावहून गाडीत बसलेल्याला मागाठाणे, दिंडोशी, गोरेगाव, जोगेश्वरी या हायवेकडच्या कचेऱ्या आणि कारखाने थेट लागतात, आणि अंधेरीहून पुढे घाटकोपर किंवा वर्सोवाही. ही माणसं आजवर लोकलने जात होती ती दुसरा मार्ग नव्हता म्हणून.

भाड्याचं काय? २अ आणि ७ वर सुरुवातीपासून पहिल्या तीन किलोमीटरांना १० रुपये, बारापर्यंत २०, अठरापर्यंत ३०, चोवीसपर्यंत ४० असे टप्पे ठेवले गेले. रिक्षाच्या मानाने स्वस्त, लोकलच्या सेकंड क्लास पासाच्या मानाने चांगलंच महाग. घरकाम करणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या, रोजंदारीवरच्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. मेट्रो आली म्हणून लोकलच्या फेऱ्या वाढवण्याची निकड कमी झाली, असं कुणी मानू नये.

या सगळ्यात ज्या गावांना स्थानकापेक्षा कारशेड आधी ऐकू आली, त्यांची बाजू वेगळी आहे. मेट्रोच्या गाड्यांना रात्री उभं राहायला, धुऊन-तपासून घ्यायला जागा लागते. दहिसर ते काशीगाव या पहिल्या टप्प्याच्या गाड्यांना चारकोपच्या कारशेडचा आधार आहे, पण पूर्ण मार्गासाठी स्वतःची जागा हवी. ती आधी भाईंदर पश्चिमेच्या राई, मुर्धे, मोर्वा या गावांच्या शिवारात ठरली. तिथल्या आगरी शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. शेतजमीन आणि पिढ्यान्‌पिढ्यांची घरं जाणार होती. मग कारशेड आणखी पश्चिमेला, उत्तनजवळच्या डोंगरीला हलवायचं ठरलं. तिथे प्रश्न झाडांचा निघाला. २०२५ मध्ये सुमारे १२ हजार झाडं तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि गावकरी, मच्छीमार, पर्यावरणासाठी काम करणारी मंडळी रस्त्यावर उतरली.

डोंगरी म्हणजे जुन्या धारावी बेटाचा भाग. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत इथला धारावीचा किल्ला मराठ्यांनी घेतला. किनाऱ्यावर उत्तन, पाली, चौक या कोळ्यांच्या वस्त्या. बोंबील वाळत घातलेल्या वलांड्या, जुनी चर्चं, वर हिरवा डोंगर. शहराचा कचरा बरीच वर्षं याच भागातल्या धावगीच्या डोंगरावर येतो. कचऱ्याला आग लागली की धूर गावांत उतरतो, पावसात काळं पाणी शेताकडे येतं, ही तक्रार जुनी आहे. त्याच पट्ट्यावर आता शहराची कारशेड. गावकऱ्यांचा राग समजायला फार विचार करावा लागत नाही: सोय शहराची, भार मात्र दर वेळी याच डोंगरावर.

आरेची आठवण सगळ्यांनाच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो ३ च्या कारशेडसाठी रातोरात दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. मग सरकार बदललं, कारशेड कांजूरमार्गला गेली, डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तिथल्या कामाला स्थगिती दिली, पुन्हा सरकार बदललं आणि २०२२ मध्ये कारशेड आरेलाच परतली. मार्गाचा आराखडा ठरतानाच कारशेडची जागा लोकांसमोर मांडून ठरवली असती, तर झाडं, वेळ आणि पैसा यांतलं बरंच काही वाचलं असतं. मेट्रो ९ च्या बाबतीतही क्रम तोच राहिला: खांब आधी, कारशेडचा वाद मागून.

लंडनच्या त्याच मेट्रोपॉलिटन रेल्वेने १८८० च्या दशकात आपला कारखाना शहराबाहेरच्या नीसडेन या छोट्या वस्तीत नेला होता आणि कामगारांसाठी तिथे घरंही बांधली. डोंगरीच्या तरुणांना या कारशेडमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन, तंत्रज्ञ म्हणून नोकऱ्या मिळणार का, गावाला चांगला रस्ता आणि स्थानक मिळणार का, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात लावलेली झाडं याच डोंगराच्या आसपास लागणार की दुसऱ्या कुठल्या तालुक्यात, हे प्रश्न लेखी उत्तर मागणारे आहेत. सभेतलं आश्वासन त्याला पुरणार नाही.

पुढचे मार्गही याच शहराभोवती विणले जात आहेत. घोडबंदर रोडने गायमुखहून मीरा रोडच्या शिवाजी चौकापर्यंत येणारा मेट्रो १० हा साधारण सव्वानऊ किलोमीटरचा मार्ग ठाण्याच्या मेट्रोला इथे आणून जोडेल. आज रस्त्याने ठाण्याला जायचं तर घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलापाशी होणारी कोंडी आणि गायमुखचा घाट, याला पर्याय नाही. शिवाजी चौकातूनच खाडी ओलांडून विरारकडे जाणारा मेट्रो १३ प्रस्तावित आहे. तो झाला तर १८६७ च्या गाडीचं मूळ गाव आणि तिने वगळलेली गावं नव्या मार्गाने जोडली जातील. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर–वसई रो-रो बोट सुरू झाली, तेव्हा खाडीपलीकडे जायला लोक किती उत्सुक आहेत हे दिसलंच.

तीन मार्ग काशीमिऱ्याच्या या शिवाजी चौकाजवळ एकत्र येणार असतील, तर तिथल्या स्थानकांची जोडणी आत्ताच कागदावर पक्की व्हायला हवी. एका मार्गावरून उतरून हायवे ओलांडून दुसऱ्या मार्गाचं तिकीट काढायला लागणं कुणालाच परवडणारं नाही. परिवहनच्या बसचे मार्ग आजही मुख्यतः रेल्वे स्टेशनकडे तोंड करून आहेत. काशीगाव, मिरागाव आणि बोस मैदान यांना केंद्र धरून ते नव्याने आखावे लागतील: घोडबंदर आणि चेणे गावांसाठी पूर्वेकडे, राई-मुर्धे-मोर्वा आणि उत्तनसाठी पश्चिमेकडे. पहाटे मासळीच्या टोपल्या घेऊन निघणारी उत्तनची कोळीण स्थानकापर्यंत बसने येऊ शकली पाहिजे आणि तिच्या टोपलीसह तिला प्रवासाची सोय मिळाली पाहिजे. लोकलमध्ये मालडबा आहे. मेट्रोच्या सहा डब्यांत तिच्यासाठी काय करायचं, हा प्रश्न भाईंदरची गाडी सुभाषचंद्र बोस मैदानात पोहोचायच्या आत सोडवायला हवा.